खव्याच्या पेटीतली नळी

पुण्याहून निघताना माझ्या मांडीवर थर्माकोलचा रिकामा डबा होता. परतताना त्यातून नऊ वर्षांच्या एका मुलीचं रक्त आणायचं होतं. जिल्ह्यातून रक्ताची एक नळी आणायला पत्रकं वाटणाऱ्या कार्यकर्तीला का जावं लागतं, हा प्रश्न मी पत्रकांतूनच खूपदा विचारला आहे. उत्तर आलं नाही, म्हणून गाडी पकडली.

गोष्ट साधी आहे. विषाणूचा ताप कधीकधी लहान मुलांच्या मेंदूपर्यंत चढतो. नसांना इजा झाली की त्यांच्या आतल्या धाग्यांचे अंश रक्तात उतरतात आणि ते मोजता येतात. इजा ताजी असताना आकडा चढा असतो. काही महिन्यांत तो ओसरतो. इजा मात्र राहू शकते. म्हणजे उशीर केला की पुरावा जातो आणि दुखणं तेवढं उरतं.

कुर्डुवाडीला उतरले, परांड्याची बस धरली. शेजारच्या मावशींनी डब्यावर बोट ठेवलं.

"आईसक्रीम विकती का गं?"

"नाही मावशी. रक्त न्यायला आले आहे."

मावशी खिडकीकडे सरकल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "मग आमचं नगं गं बाई. आदीच कमी हाय."

बस हसली. मी हसले नाही, तशी मावशींनी लगेच पिशवीतला हुरडा (कोवळ्या ज्वारीचे भाजलेले दाणे) हातावर ठेवला. बाहेर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. कोरडं, करडं आभाळ. परांड्याच्या किल्ल्याचे बुरूज दिसले, तसे मागेही गेले. तिथून वडापची जीप, माणसांत माणूस कोंबलेली.

त्या मुलीचे वडील, नवनाथ, रस्त्यावरच उभे होते. त्यांच्या घरी खव्याची भट्टी आहे. अंगणातच मोठ्या कढया, धूर, आणि कपड्यांत मुरलेला आटलेल्या दुधाचा वास. त्यांची मुलगी सोनाली ओट्यावर बसली होती. आईनं आमच्या दोघींपुढे गरम खव्याची वाटी ठेवली. सोनालीनं चमचा उजव्या हातात घेतला, तो निसटला. पुन्हा घेतला, पुन्हा निसटला. मग कुणाकडेही न बघता तिनं डाव्या हाताच्या बोटांनी खाल्लं.

दूध घालायला आलेला शेजारी म्हणाला, "शाळंत ल्ह्यायला लागतंय म्हणून वाकडा झालाय हात. भेळ खाताना बघा कसा सरळ व्हतोय!"

"तुमच्या दुधातलं पाणी बघा आदी," सोनालीची आई म्हणाली. तो किटली उचलून निघाला. पण गावातल्या डॉक्टरचंही म्हणणं तेच होतं: ताप गेला, पोरगी बरी आहे, सोंग करते. हाताच्या उपचारांसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवायचं तर काहीतरी दाखवा, म्हणे. ते काहीतरी त्या नळीत होतं.

तीन महिन्यांपूर्वी, सोयाबीन काढणीला आलं होतं, तेव्हा सोनाली तापानं बेशुद्ध झाली होती. दवाखान्यात रक्त काढलं. ही तपासणी इथं होत नाही, पुण्याला पाठवावं लागेल, असं सांगितलं. मग ती नळी नवनाथांच्याच हातात दिली: "थंड ठेवा, न्यायला माणूस येईल." माणूस आला नाही. आमच्या संघटनेच्या कानावर हे सगळं गेल्या आठवड्यात आलं.

"नळी कुठं आहे?" मी विचारलं.

"हाय की! एकदम यवस्थित," नवनाथ म्हणाले आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथं त्यांची पेटी होती (खवा गोठवायचा मोठा फ्रीज). गाडी चुकली, भाव पडला, की खवा पेटीत जातो. महिनोन्‌महिने टिकतो. बाहेर काढला की जसाच्या तसा. खव्याच्या गोळ्यांखाली, स्वच्छ फडक्यात, दुहेरी पिशवीत ती नळी होती. दगडासारखी.

"सणासुदीला खवा भाईर काढला, पर हिला हात लावू दिला न्हाय कुणाला."

मी अंगणात येऊन पुण्याच्या प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "अख्खं रक्त गोठवलं? पेशी फुटल्या असणार. आम्ही घेत नाही. नवीन काढून आणा."

नवनाथ माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणत्यात? जास्त थंड झालं व्हय?"

"नुसतं गार ठेवायचं होतं. गोठवायचं नव्हतं."

"मंग तसं सांगायचं की वो ताई! आमाला थंड म्हंजी पेटीच."

बरोबर आहे. किती थंड, कुणी सांगितलं? ज्यानं नळी बापाच्या हातात देऊन पाठ फिरवली, त्याला हे विचारा.

आम्ही सोनालीला घेऊन परांड्याच्या दवाखान्यात आलो, नवीन रक्त काढलं. या वेळी मी तिथंच हटून बसले आणि रक्तावर सुटणारं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करून घेतलं. सोनालीनं विचारलं, "ह्यात दिसंल का, म्या नाटक करत न्हाय म्हणून?" मी "बघू" म्हणाले.

पुण्याला पोचले, नळी दिली. उत्तर आलं: आकडा मर्यादेत. पुण्यातल्या एका मेंदूच्या डॉक्टरांनी समजावलं, की एवढ्या उशिरा यातून इजा नव्हती असं ठरत नाही. आकडा तेव्हाचा हवा होता. पण कागदावर ते वाक्य नसतं. कागदावर "मर्यादेत" असतं, आणि गावातला डॉक्टर तोच कागद वाचणार. मुलीला खोटी ठरवायला आता पुण्याचा शिक्का मिळाला, आणि तो मीच डब्यातून वाहून आणला.

नवनाथांना फोनवर सगळं सांगितलं. मेंदूच्या डॉक्टरांकडे सोनालीला घेऊन या, मी सोबत असेन, असंही म्हणाले. मागे कढईत उलथनं फिरल्याचा आवाज येत होता.

"ताई, त्या पयल्या नळीत असंल का वो ते?"

"असेल. पण ती आता कुणी तपासणार नाही."

"न्हाय तपासू द्या," ते म्हणाले. "म्या फेकली न्हाय. पेटीतच हाय. लाइट गेली की तेवढं भ्या वाटतंय."