चिंचेनं धुतलेल्या काचा

आमच्या सुनीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, स्वस्थता म्हणून ठाऊक न्हाई. जेवतानाही तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर. मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझी जीप दिसली की लांबूनच ओरडणार, "हनुमान, चल की!" मी थोरला, पण दादा म्हणायची सवड कुणाला हाय?

अशा पोरीनं शिकायला काय घ्यावं, तर दगड. तोही आपल्याकडचा काळा न्हाई, कच्छचा चुनखडक. म्हणे कधीकाळी तो समुद्राच्या तळाचा गाळ होता, त्यात शिंपल्यांचा चुरा. वरच्या ओझ्यानं दबला, आतून पाणी झिरपलं, अन् बदलत बदलत दगड झाला. तो कसकसा बदलला हेच तिला शोधायचं होतं. त्यासाठी दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि उजेड आरपार जाईस्तोवर घासायची. संभाजीनगरला सारा पावसाळा तिनं तेच केलं.

आमच्या वडलांनी, सुंदररावांनी, बजावलं होतं की यंदा प्रबंध देऊन झाला तर पुढं शीक, न्हाई तर पाटोद्याच्या स्थळाला हो म्हण. आबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पाटोद्याचे पाहुणे मुदतीआधीच बघून जाणार म्हणून सुनी घरी नेकनूरला आली, ती काचांची पेटी घेऊनच. काचा खिडकीत मांडल्या अन् शाळेतला सूक्ष्मदर्शक मागायला पळाली.

माय पाहुण्यांसाठी पितळेची भांडी चिंचेनं घासत होती. तिला खिडकीत लाल डागांच्या काचा दिसल्या. तो रंग सुनीनंच लावलेला, दगडाचा कुठला भाग बदललाय ते कळावं म्हणून. मायला वाटलं, कुंकू सांडलं. पाहुण्यांपुढं पोरीच्या वस्तू मळक्या कशाला, म्हणून तिनं चिंच लावून, काथ्यानं घासून सगळ्या काचा लख्ख केल्या. आंबटापुढं चुना टिकतो होय? केसाहून पातळ थर तो, पार गेला.

सुनीनं परत आल्यावर एक काच उजेडाला धरली, मग दुसरी. रडली न्हाई. अंगणातून घरात, घरातून अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिली. नवे दगड कापून घासायचे म्हणजे यंदाची मुदत हुकलीच. माझं डोकं फिरलं, मायला नको ते बोललो. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला.

ते ऐकून मला आबांचाही लई राग आला, पण तोंड उघडायची छाती झाली न्हाई. आमची माय बायनाबाई. आबांबरोबर ऊस तोडायला गेली, मोळ्या वाहिल्या, पण शब्दाला शब्द कधी दिला न्हाई. ती ओल्या हातानं पुढं आली.

"साल मी घालवलं. पोरीचं शिक्षण का म्हून तोडता?" ती म्हणाली. "पाटोद्याला फोन करा. येऊ नका म्हणावं."

आबा म्हणाले, मी शब्द दिलाय. माय म्हणाली, मग दारात उभी राहून पाहुण्यांना मीच सांगते.

आबांनी फोन माझ्याकडं सरकवला.

"लाव. पोरगी आजारी हाय म्हण."

"आजारी का म्हून?" माय म्हणाली. "शिकतीय म्हण."