शुभेच्छुकांच्या रांगेतला अनोळखी चेहरा

आमच्या अॅपमधलं 'पुन्हा बनवा' हे बटण लोक किती वेळा दाबतात, याचा आलेख आमच्या कंपनीचे मालक प्रसाद सर पडद्यावर दाखवत होते आणि टीम टाळ्या वाजवत होती. तेवढ्यात यासीनभाईंचा फोन आला. मी बाहेर जाऊन उचलला.

"मॅडम, ह्यो माणूस कोण हाय तेवढं सांगा. आमच्या तालमीत न्हाय. शेजारच्या गल्लीतबी न्हाय."

यासीनभाईंचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत फ्लेक्सचं दुकान आहे. हल्ली वाढदिवसाला लोकांना फ्लेक्सबरोबर स्टेटसला लावायला व्हिडिओही हवा असतो, म्हणून ते आमचं अॅप वापरतात. फोटो टाकायचा, दोन ओळी लिहायच्या, की एआय त्यातून हलणारा व्हिडिओ बनवतं. प्रत्येक व्हिडिओला क्रेडिट लागतात. क्रेडिट म्हणजे मोबाइलच्या रिचार्जसारखं. आधी पैसे भरायचे, वापरलं की कमी होतं. व्हिडिओ बिघडला तरी ते कापले जातातच.

माझं काम यूएक्सचं. म्हणजे अॅप उघडल्यापासून काम होईपर्यंत माणूस कुठे अडतो, कुठे चिडतो ते बघायचं आणि तो त्रास कमी करायचा. मी आजऱ्याची, घरातली पहिली पदवीधर. पुण्यात मुलाखती दिल्या, तिथं माझ्या इंग्रजीवरच गाडी अडली. सरांनी मराठीत मुलाखत घेतली आणि नोकरी दिली. ते उपकार मी विसरत नाही. त्यामुळे त्यांना 'सर, हे चुकतंय' म्हणताना माझी जीभ जड होते. त्या दिवशीही झाली. मी स्कूटी काढली आणि दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी एका तालमीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गल्लीतल्या मंडळाच्या, अध्यक्षांचा वाढदिवस होता. फोटोत मध्ये फेटा बांधलेले अध्यक्ष आबा आणि खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत कोण आधी, कोण नंतर, कोणाचा फोटो केवढा, यावरून आमच्याकडे जुनी मैत्री तुटते. वर्गणी दिली त्याचा चेहरा दिसलाच पाहिजे. आणि व्हिडिओत उपाध्यक्षच गायब होते. त्यांच्या जागी कोरलेल्या दाढीचा, गोरापान, जगात कुठेच नसलेला एक तरुण हात जोडून हसत होता.

याचं कारण सोपं आहे. एआय फोटो कापून चिकटवत नाही. बघून प्रत्येक चेहरा नव्याने काढतं. मोठा चेहरा जमतो, नखाएवढे चेहरे ते अंदाजाने भरतं. ऑफिसात टेस्टिंगला आम्ही एकट्या माणसाचे स्वच्छ फोटो वापरायचो. कोल्हापुरात बसून शुभेच्छुकांची रांग एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

यासीनभाई सकाळपासून 'पुन्हा बनवा' दाबत होते. क्रेडिट संपले की नवा पॅक. दर वेळी वेगळाच माणूस गायब व्हायचा.

"मला वाटलं माझंच काय तरी चुकतंय," ते म्हणाले. "उपाध्यक्ष दिसला न्हाय तर तालमीचं वर्षाचं काम जातंय बघा. गणपतीचंबी."

मी तिथूनच सरांना फोन लावला. बिघडलेल्या व्हिडिओचे क्रेडिट परत देऊ, निदान आधी एक कच्ची झलक फुकट दाखवू, असं सुचवलं. सरांनी शांतपणे ऐकलं. झलक बनवायलाही सर्व्हर चालतो आणि त्याचं भाडं डॉलरमध्ये जातं, असं ते म्हणाले. ते खरंही होतं. पण मग त्यांनी विचारलं, "तो चिडलाय, पण पॅक घेतोय ना?"

"सर, दुसरा मार्ग न्हाय म्हणून घेतोय त्यो."

सरांशी मी अशी गावाकडच्या बोलीत कधी बोलत नाही. वैताग किती झाला असेल बघा. मग "बघू" म्हणून सरांनी फोन ठेवला.

आता उद्याचं काय ते मलाच बघायचं होतं. मी फोटोचे दोन तुकडे केले. आबांचा तेवढा एआयला दिला. आबा झकास हसले, फेट्याचा तुराही हलला. खालची रांग जशीच्या तशी, स्थिर, एका साध्या एडिटिंग अॅपमध्ये त्याखाली चिकटवली. यासीनभाई एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नावं घेत गेले. उपाध्यक्षांपाशी थांबले, चेहरा मोठा करून बघितला आणि म्हणाले, "जमलं की." व्हिडिओ वेळेवर गेला. तालमीचं काम त्यांच्याकडेच राहिलं.

ही युक्ती त्यांनी बाकीच्या फ्लेक्सवाल्यांना सांगितली. सगळे एकदाच व्हिडिओ बनवायला लागले आणि आमची पॅकची विक्री घसरली. सरांनी मला बोलावून कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. या वेळी जीभ जड झाली नाही.

शेवटी रांग न हलवता खाली ठेवायची सोय आमच्याच अॅपमध्ये आली. सरांनी तिला 'प्रीमियम' म्हणून जादा पैसे लावले. ज्यात एआयचं काडीचं काम नाही, त्यालाच जास्त दर! मी कपाळाला हात लावला. फ्लेक्सवाल्यांनी मात्र कुरकुर न करता पैसे भरले.

"एका दमात होतंय," यासीनभाई म्हणाले, "मग द्यायला काय जातंय?"

बिघडलेल्या व्हिडिओचे क्रेडिट अजूनही परत मिळत नाहीत. मी विषय काढत असते. एवढं मात्र शिकले, की माणूस एकच बटण पुन्हा पुन्हा दाबतोय म्हणजे त्याला ते आवडलंय असं समजू नये. लिफ्ट येत नसली की आपणही तेच करतो.