अंकुशनं माझ्यावर कधीच लिहिलं नाही

अंकुश गेल्याचा फोन आला तेव्हा कढईतला खवा अगदी गोळा व्हायच्या बेतात होता. खवा करणाऱ्याला त्या घडीला कुणीही हाक मारली तरी हात थांबवता येत नाही. थांबला की बुडाला लागलंच. मी फोन कानाला लावून ढवळत राहिलो. पलीकडून त्याचा भाऊ सांगत होता, "बाला, अंकुश गेला रे... सकाळी चहा पिऊन उठला अन् दारातच बसला." मी म्हणालो, "व्हय का?" एवढंच. उलथनं हातातनं कधी सुटलं ते कळलं नाही. ती कढई करपली. आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला राग आला. जायच्या बाबतीतसुद्धा हा गडी माझ्यापुढंच!

ईट हे भूम तालुक्यातलं मोठं गाव. आमच्याकडं दूध आटवून खवा आणि पेढे करायच्या भट्ट्या आहेत. त्यातली एक माझी, आणि रस्त्याच्या पलीकडं बरोबर समोर अंकुशची. शाळेत एका बाकावर, धंद्यात समोरासमोर. या पुरवणीत त्याचे लेख तुम्ही वाचलेच असतील. "किती छान लिहितात हो तुमचे मित्र," हे वाक्य मी पाहुण्यांकडून, सोयऱ्यांकडून, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडूनसुद्धा ऐकलंय. दर वेळी हसून मान हलवायची आणि घरी येऊन कुणावर तरी खेकसायचं, असा माझा रिवाज होता.

कारण शाळेत अक्षर माझं चांगलं होतं. निबंधाला शाबासकी मला मिळायची. अंकुशला गुरुजींनी एकदा गाईवरचा निबंध परत दिला होता, त्यात गाय कमी आणि गाईच्या मालकाचं बायकोशी भांडण जास्त होतं म्हणून. त्या वेळी मी लई हसलो होतो. पुढं हाच माणूस लेखक झाला आणि मी वाचक. ह्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

त्याचं लिहिणं सुरू झालं ते रागापायी. अंकुश भयंकर तापट होता. दुधात पाणी सापडलं, लाकूड ओलं निघालं, गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला, की भट्टीवर नुसता आरडाओरडा. रस्त्यापलीकडं माझ्या गिऱ्हाइकांनाही त्याच्या शिव्या ऐकू यायच्या. भूमच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, जे ओरडायचंय ते आधी लिहून काढायचं आणि मग खुशाल ओरडायचं. हा खरंच पेढ्याच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा करून लिहायला बसला. लिहिता लिहिता राग कुठं गेला ते त्यालाच कळेना. दुधात पाणी घालणाऱ्या बाईवर चिडून लिहायला घेतलं, तर पुठ्ठा भरेपर्यंत तिच्या आजारी सासूचं, तिच्या उन्हातल्या पायपिटीचं, तिच्या एकुलत्या एका म्हशीचं आलं. मग ओरडणार कुणावर?

घरातसुद्धा फरक पडला. पाण्याच्या पाळीवरून भावाशी अबोला होता. त्या भावावर लिहायला बसला आणि लिहिणं अर्धं टाकून उठला तो थेट त्याच्या दारात. शोभावहिनी, म्हणजे त्याची बायको, पूर्वी त्याच्या चपलेचा आवाज आला की पदर सावरून गप्प व्हायच्या. त्या आता रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं हसायला लागल्या. आमच्या घरातनं ते हसू ऐकून बायको म्हणायची, "तुमीपण लिहा की काय तरी." मी म्हणायचो, "मला काय धंदे न्हाईत का?"

पण धंदाही त्याचाच वाढला, हे मला जास्त झोंबलं. त्यानं काय केलं, रोज चार-सहा ओळी लिहायच्या, स्टँडजवळ झेरॉक्स काढायची आणि पेढ्याच्या प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी घालायची. आज दूध कुणाच्या घरचं, म्हैस कशी, घरात काय चाललंय, एवढंच. तुळजापूरच्या दुकानांत त्याचा माल जायचा. देवीला आलेली माणसं पेढा खाता खाता चिठ्ठी वाचायची आणि चिठ्ठी घरी घेऊन जायची. मग पुण्याहून, सोलापूरहून फोन. "त्या कपिला म्हशीला रेडकू झालं का हो?" अरे, खवा विचारा की! म्हशीचं बाळंतपण कशाला विचारता?

एकदा मात्र चिठ्ठीनं घोटाळा केला. आमच्या भागवत आबांची म्हैस फक्त आबांच्या बायकोच्या हाताला पान्हा सोडायची. काकू लेकीच्या बाळंतपणाला बार्शीला गेल्या, आणि म्हैस आबांना लाथा झाडायला लागली. शेवटी आबांनी काकूंचं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, डोक्यावरनं पदर घेतला, हातात बांगड्या अडकवल्या आणि धार काढली. म्हैस मुकाट उभी राहिली. अंकुशनं हे सगळं चिठ्ठीत लिहिलं, बांगड्यांसकट. आबा काठी घेऊन भट्टीवर आले. "माझी अब्रू पेढ्याच्या खोक्यात घालून इकतो व्हय रं?" मी समोरनं बघत होतो, आणि लबाडी कशाला करू, बरं वाटत होतं. आता ह्याचं लेखन बंद होणार! तेवढ्यात पुण्याची एक गाडी येऊन थांबली. ती माणसं तुळजापूरहून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून ती म्हैस बघायला आली होती. त्यांनी आबांच्या पाया पडून फोटो काढले. आबांनी काठी हळूच भिंतीला टेकवली. दुसऱ्या दिवशी फेटा बांधून दूध घालायला आले.

तिथनं पुढं गावाला नादच लागला. जो तो म्हणायचा, आमच्या म्हशीवर लिहा. माझ्याकडं वर्षानुवर्षं दूध घालणारी घरं एकेक करून रस्ता ओलांडायला लागली. एका मावशींना मी विचारलं, "मावशी, भावात काय कमी केलं का म्या?" त्या म्हणाल्या, "न्हाय रं लेकरा, भाव तुझा चांगलाय. पर आमच्या म्हशीचं नाव तुझ्यात कुटं येतंय?" मीही भूमच्या छापखान्यातनं रंगीत चिठ्ठ्या छापून आणल्या. शुद्ध, सात्त्विक, स्वादिष्ट. लोक पेढा खाऊन त्यांना बोटं पुसायचे. मग एका दुपारी दार लावून लिहायलाही बसलो. "खवा हा दुधाचा अर्क आहे," असं सुंदर अक्षरात लिहिलं. पुढं काही सुचलंच नाही.

त्याचे लेख पेपरात यायला लागले, तशी बोलावणीही आली. धाराशिवच्या एका कॉलेजात त्याचा सत्कार होता. नेलं कुणी? मी. माझ्याच मोटारसायकलवर. येताना शाल त्याच्या अंगावर आणि नारळ माझ्या डिकीत. पोरांनी त्याला विचारलं, लिहून तुम्हाला काय मिळालं? अंकुश म्हणाला, "आदी मला निस्तं दूध दिसायचं, आता दूध आणणारी माणसं दिसत्यात." टाळ्या पडल्या. मी मागच्या खुर्चीवर बसून मनात म्हणत होतो, अरे, माणसं मला तुझ्याआधीपासनं दिसतात. मला कुणी विचारलं का?

पण ह्या सगळ्याहून एक गोष्ट मला जास्त सलत होती. अंकुशनं गावातल्या सगळ्यांवर लिहिलं. कंडक्टरवर, न्हाव्यावर, अत्तर विकणाऱ्या रहीमचाचांवर, स्टँडवरच्या लंगड्या कुत्र्यावर. कुत्र्यावर लिहिलं हो! माझ्यावर एक ओळ नाही. रोज दुपारी भट्ट्या निवल्या की तो रस्ता ओलांडून माझ्या बाकड्यावर यायचा आणि लिहिलेलं वाचून दाखवायचा. मी तंबाखू मळत ऐकायचो आणि शेवटी "बरं हाय" म्हणायचो. दर वेळी मला वाटायचं, आज माझं नाव येणार. ते कधी आलं नाही. एकदा न राहवून विचारलंच, "माझ्यावर कधी लिहितो रे?" तो हसला. "तुझी काय घाई हाय? तू तर हितंच हाईस."

मी इथंच आहे. तोच गेला.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, सगळ्यांवर लिहिलं त्यानं. माझ्यावरच का न्हाय?" विचारल्यावर लाज वाटली. ज्या बाईचा नवरा गेलाय तिला हे विचारायचं असतं का? पण वहिनींना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "म्या पण इचारलं होतं त्येंना. म्हनले, बालावर लिवलं तर वाचून कुणाला दाखवू?"

वहिनीच पुढं म्हणाल्या, "भावजी, तुमी तंबाखू मळता मळता थांबला की ती ओळ ऱ्हायची. तुमचा अंगठा चालूच ऱ्हायला, की घरी येऊन खोडायचे. म्हनायचे, बाला थांबला न्हाय, म्हंजी काय तरी खोटं पडलंय." इतकी वर्षं मी फक्त "बरं हाय" म्हणत होतो. मनातनं जळत होतो, आणि तो माझ्या अंगठ्याकडं बघत होता...

मध्यंतरी या पुरवणीतनं फोन आला. तुम्ही त्यांचे जवळचे, तुम्ही लिहा. पेपरवाल्यांचा असा फोन यावा म्हणून मी किती वर्षं झुरलो, आणि आला तो ह्यासाठी. रोज थोडं थोडं लिहीत गेलो. आज दुपारी संपलं. संपल्यावर छातीतलं काहीतरी हलकं झालं, अंकुश सांगायचा ते खोटं नव्हतं. कागद गोळा केले आणि चपला घालून रस्त्यावर आलो. एक ट्रक गेला, दुसरा गेला. समोरच्या भट्टीला कुलूप होतं. मी कागद हातात धरून तिथंच उभा राहिलो.

अंकुश, तुझ्या लेखांचा, तुझ्या शालीचा, तुझ्याकडं गेलेल्या माझ्या दुधाचा मी हेवा केला. पण आजच्याएवढा कधीच केला नव्हता. तुला वाचून दाखवायला मी होतो.