वापस आलेला माल

दौलतभाऊंच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं "नळ द्या" म्हणून भागायचं नाही. भाऊ स्टुलावरून उठायचेच नाहीत. चष्मा कपाळावर चढवून आधी विचारायचे, "जुना कुठी हाय?" जुना घरीच राहिला म्हटलं की, "काऊन? त्याले चालता येत नाई म्हून का?" गिऱ्हाईक ओशाळायचं. मग भाऊ कण्हत उठायचे, फळीवरून तीन मापांचे तीन नळ काढायचे आणि रद्दी पेपरात गुंडाळून समोर ठेवायचे. "घेऊन जाय. जो बसन तो ठेव, बाकीचे वापस आन." पैशाचं बोलणं मग, ते वापस आल्यावर.

ब्रह्मपुरीत जुन्या बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं दुकान आणि माझी पिठाची गिरणी एका भिंतीला भिंत लावून होती. होती म्हणते, कारण गिरणी अजून आहे, दुकान नाही. माझी गिरणी सुरू झाली की त्यांच्या फळीवरचे खिळ्यांचे डबे थरथरायला लागत आणि पलीकडून हाक येई, "बाई, माह्यं दुकान उडवतं का वं आज?" मीही कमी नव्हते. म्हणायची, "उडवतो! तेवढाच तुमच्या मालावरचा धुरळा जाईन!"

गिरणी मी चालवायला घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात पट्टा तुटला. लोखंडाच्या दुकानात बाईमाणूस पाहून दुसऱ्या एका दुकानदाराने मला सांगितलं होतं, घरच्या माणसाला पाठवा. दौलतभाऊंनी मात्र तुटका पट्टा हातात घेतला आणि विचारलं, "गिरनी कोन चालवते?" मी म्हटलं, मीच. "मंग तुलेच समजलं पाह्यजे. घरच्या मान्साचं काय काम हाय इथी?" ते स्वतः गिरणीत आले, मला पट्टा चढवायला लावला, मी दोनदा चुकले तेव्हा दोनदा शिव्याही घातल्या. सख्ख्या दिराने एवढी माया केली नाही कधी.

बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानापुढे नुसती झुंबड. जीपगाड्या भरभरून लोक यायचे, पार कुरखेड्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावांतून. कुणी धोतराच्या सोग्यात पंपाचा मोडका तुकडा बांधून आणलेला, कुणी दाराची बिजागरी. त्यांनाही तोच कायदा. तीन घेऊन जा, बसेल तो ठेवा. एकदा मी म्हटलं, "भाऊ, हा मानूस आता पुढच्या बाजाराले येईन, नाई तं येनारच नाई." तर म्हणाले, "नाई आला तं समजाचं, त्याचं काम झालं. काम झालं हे चांगलंच हाय ना वं?" पण येत माणसं. उशिराने येत, मोहफुलं नाहीतर टेंभराची फळं घेऊन येत, आणि तो कागदात गुंडाळलेला नळ तसाच्या तसा आणत.

घर बांधणाऱ्यांसाठी हाच कायदा जरा मोठा. माल लागेल त्यापेक्षा जास्त न्यायचा आणि उरलेला थैलीत भरून आणून द्यायचा. त्याच्या बदल्यात भाऊ दुसरं काही देत. "हे पायपाचे एल्बो ठेव इथी, तुह्या न्हाणीच्या दाराले कडी नाई, ती घेऊन जाय." न्हाणीला कडी नाही हे त्यांना कसं ठाऊक ते विचारायचं नाही. आमच्या गावात वास्तुपूजा झाली की पाहुणे जातात आपापल्या गावी आणि उरलेल्या मालाची थैली जाते दौलतभाऊंकडे, अशी रीतच पडून गेली होती. आणि ह्या रीतीनेच त्यांचा घात केला.

नागभीड रोडवर बाहेरच्या कंपनीचं भलंमोठं दुकान उघडलं. घर बांधायला लागणारं सगळं एका छपराखाली. आत गारेगार हवा, ढकलगाड्या, फरशीवर तोंड दिसेल असा उजेड. रविवारी लोक पोराबाळांना घेऊन जत्रेला जावं तसे जायला लागले. एक कोयंडा घ्यायचा असला तरी सगळं घरदार. मीही पाहून आले. भाऊंनी विचारलं, "काय पाह्यलं?" मी म्हटलं, "लय गोड बोलतात तिथी." भाऊ म्हणाले, "तेवढं मले नाई जमत बावा." आणि हसले. तेव्हा हसायचे अजून.

गिऱ्हाईक कमी झालं, ते त्यांना समजत होतं. त्याचं दुःख त्यांनी कधी केलं नाही. जिथे आवडेल तिथे घेईल माणूस, कुणाला बांधून ठेवता येतं का? खरा मार पुढे बसला.

वासेकर सर म्हणून हायस्कूलचे मास्तर आहेत. सज्जन माणूस, माझ्याकडेच त्यांचं दळण. आरमोरी रोडला त्यांनी घर बांधायला काढलं आणि सगळा माल त्या मोठ्या दुकानातून आणला. एके दिवशी मी भाऊंकडे ग्रीस घ्यायला उभी, तर सर आले आणि त्यांनी गल्ल्यावर थैली ठेवली. भाऊंनी आतलं एक पाकीट काढलं, उलटं करून पाहिलं. त्यावर त्या दुकानाची चिकटपट्टी.

"सर, हे माह्या इथलं नाई."

"हो हो, तिकडचंच आहे ते," सर मोकळेपणाने म्हणाले. "पण तिकडे फार कटकट हो भाऊ. बिल आणा, पाकीट फोडलेलं चालत नाही, रांगेत उभे राहा. तुमच्याकडे आपलं घरच्यासारखं आहे."

मला वाटलं, आता भाऊ थैली उचलून रस्त्यावर फेकतात. ते तोंडाचे असे फाटके की कलेक्टरलाही बोलले असते. पण भाऊंनी ते पाकीट फळीवर ठेवलं आणि विचारलं, "काय पाह्यजे बदल्यात?" सर एक चांगली पितळी कडी आणि दोन कुलुपं घेऊन गेले.

माझा नुसता जळफळाट झाला. "भाऊ, डोकं फिरलं का तुमचं? दुसऱ्याचा माल तुम्ही काऊन घेता?"

"माह्या दुकानातून वापसीचा मानूस आजलोक तसाच परत गेला नाई बाई. आता नाई म्हनलं तं लोकं म्हनतीन, दौलत संपला."

"अन् असं घेऊन घेऊन संपान ते?"

"वापस कराले तं येते ना इथी? येते तोवरलोक येते. उद्या काई घेईन बी."

कुणी काही घेतलं नाही. सरांचं ऐकून इतरांनी सुरुवात केली. ठेकेदार आला, सोसायटीचा सचिव आला, माजरीला कोळसा खाणीत नोकरी करून पेन्शन घेऊन गावी परतलेला एक जण तर ढकलगाडी भरेल एवढं घेऊन आला. घेताना तिकडे, उरलं की इकडे. बरं, ह्यात कुणाला आपण काही वावगं करतोय असं वाटत नव्हतं, हे विशेष. गावाची रीतच होती ना ती! भाऊंच्या फळ्यांवरचा चालणारा माल बदल्यात निघून जायचा आणि जागेवर ही पाकिटं यायची. त्यातले विजेच्या बटणांचे पत्रे तर त्याच कंपनीच्या डब्यांवर बसायचे, दुसऱ्या कशावर नाही. खेड्यातून आलेल्या माणसाने छपराच्या पत्र्याचे हूक मागितले तर भाऊंकडे हूक नसायचे, आणि ते बटणांचे पत्रे गोण्या भरून असायचे.

"नाई हाय" हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा तेव्हा ऐकला. तो म्हणताना ते गिऱ्हाईकाकडे न पाहता भिंतीकडे पाहायचे.

होळी झाली. आमच्याकडे होळी ते पाऊस हाच घरं शाकारायचा, पत्रे बदलायचा हंगाम. ह्या दिवसांवर भाऊंचं वर्ष चालायचं. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याने सांगून टाकलं की आता रोखीशिवाय गाडी भरणार नाही. रोख कुठून आणणार? सगळी रोख त्या गोण्यांमध्ये अडकलेली. पत्रे आणि हूक आले नाहीत तर दुकान बंद, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

"ज्याचा माल त्याच्या दारात नेऊन टाका," मी म्हटलं. "त्यांच्याच चिकटपट्ट्या हायत त्यावर. घेतीनच ते."

"मी जाऊ त्याच्या दुकानात? भीक मागाले?"

"भीक नाई. वापसी. तुमच्याकडे येते ना सारं गाव?"

चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पाचव्या दिवशी धुतलेला सदरा घालून गिरणीच्या दारात उभे. "चाल. ने." मी स्कूटीवर पुढे गोणी ठेवली, मागे भाऊ. नेलं ते बरोबरच केलं, असं मला आजही वाटतं.

दारातच पहारेकऱ्याने गोणी उघडायला लावली. त्याचा काही दोष नाही, नोकरी आहे त्याची. पण भाऊ खाली बसून एकेक पाकीट काढून दाखवत होते आणि लोक त्यांना वळसा घालून आत जात होते. ओळखीचे लोक. "काय भाऊ, इकडे कसे?" म्हणून जात होते.

वापसीच्या खिडकीवर एक मुलगी होती, बोलायला खरंच गोड. "बिल दाखवा ना काका."

"बिल नाई बाई. माल तुमचाच हाय, पाह्य."

"बिल नसलं तरी चालेल. ज्यांच्या नावावर घेतलं त्यांचा मोबाइल नंबर सांगा, मी इथे काढते. त्यांनी फक्त हो म्हणायला पाहिजे."

आणि आमच्या मागे, रांगेत, एक माणूस सोडून, हातात बिल घेऊन वासेकर सर उभे होते. त्यांनी आम्हाला पाहून मान डोलावलीही होती. गोणीतला वरचा सगळा माल त्यांचाच, त्या पहिल्या थैलीनंतरही होळीपर्यंत आणून देत राहिलेला. त्यांच्या एकट्याच्या थैल्या परत झाल्या असत्या तरी हूक आणि पत्र्यांच्या पहिल्या गाडीपुरती रोख हाती आली असती. दहा आकडे बोलायचे होते त्यांना. मी वळून पाहिलं, तर सर मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होते.

मी तोंड उघडलं. "हे सर..." भाऊंनी माझा हात एवढा जोरात दाबला की बांगडी रुतली.

"नंबर नाई मालूम," ते त्या मुलीला म्हणाले. "कोनाचा हाय ते बी नाई मालूम." आणि गोणी बांधायला लागले. गाठ काही त्यांना बसेना. मीच बांधली.

बाहेर येऊन मी भडकले. भर रस्त्यात ओरडले त्यांच्यावर. "तो मागंच उभा होता! तुम्ही म्हनले काऊन नाई?"

"चारचौघांत त्याले काय म्हनू बाई? मास्तर हाय तो. गिऱ्हाईक होता माह्या."

"अन् तो? त्याले दिसलं नाई?"

भाऊ गोणी स्कूटीवर चढवायला लागले. मला मात्र रडू आलं, रागाने, आणि मी ते लपवलंही नाही.

पाऊस लागण्याआधी दुकानाला कुलूप लागलं. बायको कधीच गेली होती, एक मुलगी कुरखेड्याला. तिच्याकडे गेले. मी एकदा भेटायला गेले तर ओसरीत बसून होते. जावयाच्या शेतीचं, पिकाचं, कशाचंच बोलले नाहीत. "तुह्या पट्टा बरा हाय का?" एवढंच विचारलं. धान कापणीच्या दिवसांत निरोप आला की झोपेतच गेले. आमच्या रस्त्यावरून मातीला कोण गेलं म्हणाल तर मी आणि समोरचा पानठेलेवाला.

पंधरा दिवसांनी वासेकर सर दळण घेऊन आले. गव्हाचा डबा ठेवला आणि म्हणाले, "दौलतभाऊ गेले ना. फार सरळ माणूस हो. असे दुकानदार आता राहिले नाहीत."

मी गिरणी बंद केली. रांगेत बाया होत्या, त्यांनाही ऐकू जावं म्हणून. "सर, त्या दिवशी तुम्ही नुसता आपला नंबर सांगितला असता तं त्याचं दुकान राह्यलं असतं."

"कोणत्या दिवशी?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. सोंग असतं तर मला कळलं असतं. मी सगळं सांगितलं, थैल्यांपासून खिडकीपर्यंत. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, मला वाटलं भाऊ स्वतःचं काही बदलायला आलेत. मला हाक मारायची ना. आणि थैल्यांचं म्हणाल तर ते घेत होते म्हणून मी देत होतो. नको म्हणाले असते तर ठेवल्या असत्या का मी?"

मी त्यांचा डबा उचलून पायरीवर नेऊन ठेवला. "तुमचं दळन मी दळनार नाई. दुसरी गिरनी पाहा."

"पण बाई, मी केलं काय?"

हेही ते मनापासूनच विचारत होते. मी रांगेकडे पाहिलं. म्हटलं, ह्यांच्यातली एखादी तरी आता बोलेल. बोलली. सगळ्यात पुढे उभी असलेली, रोज माझ्याशी सुखदुःखाचं बोलणारी, तीच म्हणाली, "हव ना वं बाई, सरांनं काय केलं? थैल्या तं आमी बी देत होतो."