पांढरा रंग

हौशीराम पेंटरांनी उभ्या आयुष्यात पांढऱ्या रंगाचा डबा विकत घेतला नव्हता, आणि या गोष्टीची त्यांना भारी घमेंड होती. त्यांचे उस्ताद बजरंग पेंटर, त्यांची शिकवणच तशी. भिंत चुन्याने पांढरी असतेच. मग दात काढायचे असोत की दूध, तेवढी जागा मोकळी सोडायची. याच पद्धतीने हौशीरामांनी कुसगावपासून लोणावळ्यापर्यंत चिक्कीची दुकानं आणि हॉटेलांच्या भिंती रंगवल्या. पुढे फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश वळचणीला पडले.

पण स्वस्थ बसेल तर तो पेंटर कसला! मुलगी चैताली लोणावळ्यात एका छोट्या स्टुडिओत व्हिडिओ एडिटिंग करायची. तिच्या जुन्या टॅबवर ते चित्रं काढू लागले, आणि वर्षभरात हात असा बसला की स्टुडिओने त्यांना कामच दिलं. लोहगडवाडीत ट्रेकर मंडळींना पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या बायकांवर एक चित्रफीत निघणार होती. तिचा स्टोरीबोर्ड, म्हणजे एकामागून एक प्रसंगांची चित्रं, त्यांनी काढायची. चित्रातली म्हातारी कोण, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. वाडीत पहिली चूल मांडली होती ती त्यांच्या आईने, शकुबाईने. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची, आणि मतदार कार्डावरचा एकुलता एक फोटो ओल लागून केव्हाच काळा पडला होता.

अडतीस चित्रं झाली. आई वेगळी काढली आणि मागचा डोंगर वेगळा, कारण चित्रफितीत डोंगर हळूहळू सरकणार होता. गुरुवारी चैतालीने ती सॉफ्टवेअरमध्ये घेतली, आजीला डोंगरासमोर बसवलं आणि वडिलांना बोलावलं.

हौशीराम पडद्याजवळ वाकले. निळं लुगडं जागेवर होतं, हात होते. पण केस गेले होते, हातातली तांदळाची भाकरी गेली होती. डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती आणि त्यांतून लोहगड दिसत होता.

"आईला आंधळी केली मी," ते म्हणाले.

चैतालीने समजावून सांगितलं. टॅबवर दिसतो तो पांढरा कागद नुसता दिसण्यापुरता. चित्राबरोबर तो येत नाही. जिथे रंग दिलेला नाही तिथे काच असल्यासारखं मागचं आरपार दिसतं. तिने आजीच्या मागे एक पांढरा थर घालून पाहिला, तर शकुबाई खोक्यात बसवल्यासारखी दिसू लागली आणि डोंगर झाकला गेला. एका टिचकीत रंग भरायला जावं, तर पेंटरांच्या रेषा जागोजाग मोकळ्या सोडलेल्या. रंग बाहेर सांडला. आता हातानेच भरायचा, दुसरा इलाज नव्हता.

दिग्दर्शक शनिवारी बघायला येणार होते. तोवर जमलं नाही तर कंप्युटरमधली तयार म्हातारी वापरू, असं त्यांनी आधीच कळवलं होतं, आणि ती चैतालीकडे पाठवूनही ठेवली होती. आईच्या चुलीपुढे दुसऱ्याच कुणाची तरी आजी येऊन बसणार, हे हौशीरामांना सहन होण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी सकाळीच ते ओटीवर टॅब घेऊन बसले. उस्तादांची मनातल्या मनात माफी मागितली आणि पांढरा रंग घेतला. आधी केस, मग दात, मग भाकरी. डोळे सगळ्यात शेवटी. चैतालीने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. आई जिवंत असताना तिच्याजवळ आपण एवढा वेळ कधी बसलो नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. अडतिसावं चित्र होईस्तोवर ऊन ओटीवरून उतरलं होतं.

शनिवारी स्टुडिओत जाताना त्यांनी सरूबाई काकीला बरोबर घेतलं. ही शकुबाईची धाकटी जाऊ, वय ऐंशीच्या पुढे. चेहरा जमला की नाही हे सांगू शकेल असं आता तेवढंच माणूस उरलं होतं. पडद्यावर डोंगर सरकला, चूल पेटली आणि शकुबाईने भाकरी उलटून मान वर केली.

दिग्दर्शकांनी सरूबाईला विचारलं, ओळखीची वाटते का?

खांद्यावर घसरलेला पदर सरूबाईने घाईघाईने डोक्यावर ओढला आणि ती सावरून बसली. थोरल्या जावेसमोर ती उघड्या डोक्याने कधी बसलीच नव्हती.

दिग्दर्शकांनी चैतालीला ती तयार म्हातारी काढून टाकायला सांगितलं.