मोठा घोडा म्हणजे किती मोठा

आमच्याकडे लग्नासाठी घोडा ठरवायला येणारा माणूस चपला काढायच्या आधी विचारायचा, "मोठा घोडा आहे ना?" घोडा निरोगी आहे का, बँडला बुजतो का, असलं कुणी विचारत नसे. मी म्हणायची, "मोठा म्हणजे केवढा?" मग तो हात वर करून दाखवायचा, आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या उंचीला थांबायचा. बुटक्या माणसांचा हात हमखास जास्त वर जातो, असं मी एकदा म्हणाले, ते आमच्या ह्यांना आवडलं नाही. ह्यांची उंची बेताची.

मोठ्या घोड्याबद्दल माझी स्वतःची मतं आहेत आणि ती मी कुणाला विचारून बनवलेली नाहीत. माझं माहेर कर्वेनगरचं. तेव्हा तिथे सोसायट्या नव्हत्या, आमची वांग्यांची आणि घेवड्याची शेतं होती. वडील तट्टावर माल लादून मंडईत आणायचे. "दोन पोती घेऊन चढ चढलं की घोडं मोठं हाय," एवढंच त्यांचं माप. लग्न होऊन कसब्यात आले तर सासरी टांगा. तिथे मोठ्या घोड्याचं नाव काढलं तरी सासरे चिडायचे. घोडा उंच झाला की टांगा मागे कलतो आणि मागच्या सीटवरची गिऱ्हाइकं घसरायला लागतात. घोडा टांग्याच्या मापाचा हवा, टांगा घोड्याच्या नव्हे, असं त्यांचं म्हणणं. रेसकोर्सवरच्या लोकांची तऱ्हा आणखी निराळी. ते घोड्याच्या बापाचं नाव सांगून घोडा मोठा करतात.

पुढे रिक्षा वाढल्या, टांगा बसला आणि आम्ही लग्नाचे घोडे ठेवू लागलो. त्या धंद्यात माझं मत पक्कं झालं. नवरदेवाचा घोडा चालण्यासाठी नसतोच, तो उभं राहण्यासाठी असतो. मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंतचा रस्ता केवढासा! पण दहा पावलं झाली की मिरवणूक थांबते, मेहुणे नाचतात, कुणीतरी पायाशी फटाक्यांची माळ लावतो, आणि बँडवाला नेमका घोड्याच्या कानात कर्णा फुंकतो. त्या गदारोळात जो उभा राहतो तो मोठा घोडा. बाकीचे नुसते उंच.

नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचा तबेला होता. त्यात दोन जनावरं होती. एक म्हातारी पांढरी घोडी, ठेंगणी, पोटाने सुटलेली. तिच्या शेपटीखाली बाण उडाला तरी ती डोळे मिटून उभी राहायची. माझ्या हिशेबाने अख्ख्या पुण्यात तिच्याएवढं मोठं जनावर नव्हतं. दुसरा घोडा रेसमधून निवृत्त झालेला, पांढराशुभ्र, देखणा, आणि इतका उंच की खरारा करायला मला बादली पालथी घालून तिच्यावर चढावं लागे. मी तोंडाशी उभी असले तर तो शहाण्यासारखा वागायचा. गिऱ्हाइकं त्याच्यावर लट्टू होती. मी त्याला मोठा म्हणत नव्हते.

एका मार्गशीर्षात नारायण पेठेतले एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "तुमच्याकडचा लहानात लहान घोडा दाखवा."

इतक्या वर्षांत असं म्हणणारा हा पहिला माणूस. मला एवढा आनंद झाला, की मी चहा टाकला. चहा पिता पिता त्यांनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. लग्न भाच्याचं होतं. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय गेलेला. वडील लवकर वारले, म्हणून मामांनीच त्याला वाढवलं, खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं. आता त्यांचा बेत असा, की वऱ्हाड जमायच्या आत देवळाच्या मागच्या बोळात चौघांनी भाच्याला उचलून घोड्यावर ठेवायचं. घोडा ठेंगणा असला की काम पटकन होईल. वर झूल लांब घातली की पायही झाकला जाईल.

"लोकांना दिसायलाच नको," ते म्हणाले. मला त्यांचं म्हणणं पटलं. पांढरी घोडी ठरली.

दोनच दिवसांनी नवरदेव स्वतः आला. सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. डाव्या गुडघ्यावर हात दाबत, उतारावरून सावकाश आला, आणि घोडीकडे न बघता थेट उंच घोड्यासमोर जाऊन उभा राहिला.

"काकू, मला हा हवाय."

"तुमच्या मामांनी घोडी ठरवलीय."

"लग्न मामांचं नाहीये."

माझा स्वभाव तापट. मी सरळ सांगितलं, "हा जमणार नाही. घोड्यावर डावीकडून चढतात. डावा पाय रिकिबीत घालून सगळा भार त्याच्यावर घ्यावा लागतो. आणि तुमचा डावा पाय…"

"माहीत आहे. सत्तावीस वर्षं माझ्याबरोबरच राहतोय."

मी घास टाकायला वळले. तो मागून बोलतच राहिला. मुलगी बघायला गेले, तेव्हा मामांनी त्याला अर्धा तास आधी नेऊन खुर्चीत बसवलं होतं, पाय टेबलाखाली येईल असं. मुलगी चहा घेऊन आल्यावर तो उठला आणि त्याने खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. मामा पांढरेफटक पडले. मुलगी म्हणाली, "बघितलं. बसा आता, चहा गार होतोय." लग्न त्या वाक्यावर ठरलं होतं.

"तिला सगळं माहीत आहे, काकू. मग बाकीच्यांपासून काय लपवायचं? मला सगळ्यांसमोर चढायचंय. कुणी न उचलता. आणि जो घोडा तुम्ही सगळ्यांना देता, त्याच्यावर."

खरं सांगते, मला भरून आलं. ते दिसू नये म्हणून मी खेकसले, "उद्या सकाळी सहाला या. उशीर झाला तर घोडीच मिळेल."

डावा पाय भार घेत नाही, म्हणजे उजवीकडून चढायचं. बोलायला सोपं आहे. घोड्याला जे डावीकडून शिकवलं ते उजवीकडून ठाऊक नसतं. आमच्या रेसवाल्याच्या पाठीवर जन्मात कुणी उजवीकडून चढलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याचं सगळं उजवीकडून सुरू केलं. खरारा उजवीकडून, खोगीर उजवीकडून, भिजवलेले हरभरेसुद्धा उजव्या हाताला उभं राहून. आमचे हे म्हणाले, "मामांना कळलं तर ते चिडतील." मी म्हटलं, "चिडू देत." हे म्हणाले, "तुझंही बरोबर आहे." ह्यांच्या मते जगात सगळ्यांचंच बरोबर असतं.

पहिल्या सकाळी नवरदेवाने उजवा पाय रिकिबीत घातला आणि घोडा गर्रकन फिरला. नवरदेव पालथ्या बादलीवर आपटला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "राहू द्या, पडायची सवय आहे." दुसऱ्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे करू लागले. त्याच्या दंडात बळ भरपूर होतं, लहानपणीच्या कुबड्यांची कमाई. मार्केट यार्डातून आणलेल्या फळांच्या खोक्यावर उभं राहून तो उजव्या पायावर झटक्यात वर यायचा. खरी अडचण त्यानंतर. डावा पाय आपणहून उचलला जायचा नाही. डाव्या हाताने गुडघ्याजवळचं कापड मुठीत धरून तो पाय घोड्याच्या पाठीवरून ओढत पलीकडे न्यावा लागे. एवढा वेळ पाठीवर काहीतरी सरपटतंय हे कुठला घोडा सहन करेल? रोज मी कोंड्याचं रिकामं पोतं त्याच्या पाठीवरून हळूहळू ओढायची. आधी तो कातडी थरथरवायचा, मग नुसते कान हलवायचा, शेवटी एका सकाळी नवरदेवाचा पाय ओढला गेला तरी तो घास चावत राहिला. त्याच दिवशी मी स्वतःशी म्हटलं, हा आता मोठा होतोय.

पण तबेल्यात बँड नव्हता, गर्दी नव्हती. लग्नाच्या दिवशी मारुतीसमोर घोडा घेऊन गेले तेव्हा मी खोगिराचा पट्टा दोनदा तपासला. मी आजवर कुठल्याच जनावराबद्दल अशी धास्तावले नव्हते. नवरदेव पडला असता तर सगळ्यांदेखत, लग्नाच्या दिवशी, माझ्या भरवशावर पडला असता.

मामांनी घोडा बघितला आणि तडक माझ्याकडे आले. "बाई, मी घोडी ठरवली होती!"

"आज घोडा हाच आहे."

"हा? ह्याच्यावर त्याला चढवायला अग्निशमन दलाची शिडी लागेल!"

मी भडकले. "पटत नसेल तर चालत जा!"

बोलून गेले आणि जीभ चावली. सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघू लागलं. मामांचा चेहरा उतरला. मोठ्याने हसला तो नवरदेव. "मामा, चालत गेलो तर मुहूर्त टळेल. घोडाच बरा."

चौघं जण बाह्या सरसावून पुढे आले. "कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. देवळाच्या वरच्या पायरीवर तो उभा राहिला, मी घोड्याची उजवी बाजू पायरीला लावली आणि तोंडाशी थांबले. मामांना काय वाटलं कुणास ठाऊक, निदान लोकांचं लक्ष तरी उडावं म्हणून असेल, त्यांनी बँडला हात केला. ढोल, कर्णे, झांजा एकदम सुरू झाल्या. घोड्याचे कान ताठ झाले. मी त्याच्या मानेवर तळवा टेकवला.

उजवा पाय रिकिबीत गेला. नवरदेव वर आला. डाव्या हाताने चुडीदार मुठीत धरून त्याने पाय ओढायला सुरुवात केली. पाय पाठीवर मध्येच अडकला. बँड वाजत होता, पण नाचणारे थांबले होते, बायकांनी तोंडावर पदर घेतले होते. त्याने पुन्हा मूठ आवळली, पुन्हा ओढला. घोड्याने एक खूर उचलला आणि जिथल्या तिथे ठेवला. पाय पलीकडे गेला. तो खोगिरात ताठ बसला, फेटा थोडा तिरका, कपाळावर घाम.

ओढताना डाव्या पायातली मोजडी मात्र खाली पडली होती. तो पाय बारीक, म्हणून मोजडीत कापूस कोंबलेला होता, तोही बाहेर आला. मी वाकणार तेवढ्यात मामा पुढे झाले. त्यांनी मोजडी उचलली, कापूस झटकून पुन्हा आत दाबला आणि वळसा घालून घोड्याच्या डाव्या बाजूला गेले. उघडा पाय त्यांच्या छातीसमोर लोंबत होता. इतकी वर्षं लपवलेला तो पाय त्यांनी सगळ्या वऱ्हाडासमोर दोन्ही हातांत धरला. मोजडी चढवताना त्यांचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

"मामा, घट्ट बसवा," नवरदेव वरून म्हणाला. "उतरायचंही मलाच आहे."