माझ्या नावाची मूठ

दोंडाईचा स्टेशनावर आबांनी माझ्या शर्टाची बाही उलटी करून दाखवली. "आत मार्जिन ठेवलंय. अंग भरलं की उसवून घे." आबा शिंपी, त्यांचा आशीर्वाद असाच असायचा. माय एवढंच म्हणाली, "कानबाईले येजो." कानबाई म्हणजे आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण. सुरतेची पॅसेंजर हलली तसा माझा थोरला भाऊ, नाना, खिडकीचा गज धरून चार पावलं चालला आणि मागे फिरला. दुकानात शिवण अर्धी राहिली होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी बी.कॉम. होऊन सुरतेच्या रिंगरोडवरच्या एका मोठ्या फायनान्स कंपनीत लागलो होतो.

नाना, हे तुझ्यासाठी लिहितोय. आपल्या गावाहून इकडे आलेल्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

सुरतेत डिंडोलीला खोली घेतली. सोबतचे तिघे कापडाच्या लूमवर कामाला. ते मला 'साहेब' म्हणायचे. ऑफिसात मी 'ए महाराष्ट्र' होतो. कर्ज मागणाऱ्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, फाइल तयार करायची, सही दुसऱ्याची. नवागामपासून पार हजीऱ्यापर्यंत, आधी सायकलवर, मग मोपेडवर. रविवारीसुद्धा. बढतीची यादी लागली की सही करणारे वर चढायचे. आमचे मॅनेजर, त्यांना सगळे मोटाभाई म्हणत, मला सांगायचे, "तमारुं आवता वरसे." पुढच्या वर्षी तुमचं. तीन वर्षं हेच. अंग भरायचं राहिलं बाजूला, आबांचा शर्ट ढगळ झाला.

हे घरी कसं सांगणार? एसटीडी बूथवरून शेजारच्या किराणा दुकानात फोन करायचो, आबा धावत यायचे. "रजा मिळाली का रे?" मी म्हणायचो, "आबा, माझ्याशिवाय इथे काही चालतच नाही. साहेब सोडत नाहीत." पहिल्यांदा जीभ अडखळली. पण आबा इतके खूश झाले, की पुढे सोपं होत गेलं.

खरं सांगतो, रजा मी मागितलीच नव्हती. नाही म्हणतील याची भीती नव्हती. 'जा ना, कोण अडवतंय?' असं म्हणतील, याची होती.

श्रावणात कानबाईच्या प्रसादाच्या रोटांसाठी आपल्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. मी तीन वर्षं गेलो नाही. तिन्ही वर्षं माय फोनवर म्हणाली, "तुनी मूठ काढेल शे बरं."

चौथ्या वर्षी आबांच्या छातीत दुखायला लागलं. आठ दिवस ते धुळ्याच्या दवाखान्यात होते आणि मला पत्ता नव्हता. निरोप आला तो ते गेल्याचाच. मी पोचलो तेव्हा तुम्ही सगळे ओल्या अंगाने स्मशानातून परतत होता. नंतर ओट्यावर तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस, "मी फोन करायला निघालोच होतो रे. आबांनीच हात धरला. म्हणे, त्याले बलावू नका, त्याना बिगर तठे पानबी हालत नही."

सांगताना तुलाही अभिमान वाटत होता, नाना. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, दुःखाने.

चौदाव्या दिवशी कामावर गेलो. मोटाभाईंनी माझ्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "अरे, तिरुपती जई आव्या?"

मी 'हा' म्हणालो.

ती नोकरी मी त्यानंतरही दोन वर्षं केली. तेही सांगून टाकतो. मग एका शाळेत कारकून झालो, इथेच घर केलं. मुलगा माझ्याशी निम्मं गुजरातीत बोलतो. दर श्रावणात गावी येतो, पण मुठी काढायच्या वेळी मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जातो, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

मी नसतानाही जिथे माझ्या नावाचे गहू दळले जायचे, ते घर. त्याच घराशी मी खोटं बोललो, आणि आबांनी ते शेवटपर्यंत खरं मानलं.

परवा वहिनींनी फोनवर विचारलं, "भाऊजी, तुमच्याकडच्या दोनच ना मुठी?" मी म्हटलं, नानाला कागद लिहितोय, त्याला वाचू द्या आधी.

पोराची मूठ काढ. माझी काढायची की नाही, ते तू ठरव. शनिवारी दळणाच्या आधी पोचतो. नाही काढलीस तरी येतोय.